नववा फर्मा

माझ्या सासूबाईंचे डोळे चालायचे थांबले आहेत, हे घरात सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. त्यात माझी हुशारी काही नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. समोर बसलेल्या माणसाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, एकेक काच बदलत "आता स्पष्ट की आधी स्पष्ट?" विचारायचं आणि शेवटी हातात बारीक अक्षरांचा कागद द्यायचा, हे माझं सतरा वर्षांचं काम. वाचणारा डोळा मला लांबूनही ओळखू येतो. तो ओळीवरून घसरत जात नाही. लहान लहान उड्या मारत जातो आणि ओळ संपली की झटकन मागे येतो.

त्या रविवारी दुपारी सासूबाई खिडकीपाशी त्यांच्या वेताच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसल्या होत्या आणि मी समोर भाजी निवडत होते. त्यांनी एक पान उलटलं. थोड्या वेळाने दुसरं उलटलं. डोळे मात्र जागच्या जागी, जणू पुस्तकाच्या मधोमध कुणी खिळा ठोकला होता आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या. मला असल्या बाबतीत स्वस्थ बसवत नाही. मी भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ लावली. प्रत्येक पानाला बरोबर दीड मिनिट.

"कसं आहे पुस्तक?" मी विचारलं.

"बरं आहे," त्या म्हणाल्या.

मी भाजी निवडायची थांबले. या बाईने उभ्या आयुष्यात कुठल्या पुस्तकाला "बरं आहे" म्हटलं नव्हतं. आवडलं तर स्वयंपाकघरात मागे मागे फिरून अख्खी गोष्ट सांगणार, नाही आवडलं तर लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. "बरं आहे" हे त्यांचं वाक्यच नव्हे.

सासूबाईंचं आणि पुस्तकांचं नातं सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का घाबरले ते कळणार नाही. एकतीस वर्षं त्या एका बाइंडिंगखान्यात होत्या. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून येतात. त्या कागदाला घड्या घातल्या की छोटी वही होते, तिला फर्मा म्हणतात. लांबलचक टेबलावर पहिल्या फर्म्यांचा ढीग, शेजारी दुसऱ्यांचा, मग तिसऱ्यांचा, असे ढीग लावून ठेवायचे. बायका ओळीने टेबलाच्या कडेकडेने चालायच्या आणि प्रत्येक ढिगातला एकेक उचलायच्या. टोकाला पोचेपर्यंत हातात एक पुस्तक. पुन्हा सुरुवातीला यायचं, दुसरं पुस्तक. दिवसभरात किती चालणं व्हायचं कोण जाणे, पण सासूबाईंच्या पोटऱ्या अजून माझ्यापेक्षा मजबूत आहेत आणि हे त्या मला वर्षातून चारदा ऐकवतात.

फर्म्याच्या घडीवर एक छोटी काळी पट्टी छापलेली असते. पहिल्या फर्म्यावर अगदी वर, दुसऱ्यावर जरा खाली, तिसऱ्यावर आणखी खाली. सगळे बरोबर लागले की पुस्तकाच्या पाठीवर पायऱ्या उतरत गेलेल्या दिसतात. त्याला बायका "जिना" म्हणायच्या. जिना नीट उतरला तर पुस्तक बरोबर. एखादी पायरी नसली किंवा दोन पायऱ्या एकाच उंचीवर आल्या तर गडबड. सासूबाई हातातल्या फर्म्यांच्या पाठीवर नजर टाकून बोलता बोलता चूक काढायच्या. त्यांना तिथे सगळे घडीबाई म्हणत.

वाचनाची गोडीही तिथलीच. उरलेसुरले फर्मे रद्दीत जायचे, ते या पिशवीत घालून घरी आणायच्या आणि वाचायच्या. कधी कादंबरीचा तिसरा आणि सहावा, कधी नुसता शेवट. माझा नवरा लहानपणी याच गोष्टी ऐकून वाढला. राजाची मुलगी विहिरीत पडायची आणि पुढच्याच वाक्यात तिला दोन मुलं असायची. "विहिरीतून बाहेर कशी आली?" त्याने विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते मधल्या फर्म्यात आहे. तो आला नाही." नवरा म्हणतो, लग्न होईपर्यंत मला वाटायचं आयुष्यात असंच असतं, माणूस पडतो आणि एकदम दोन मुलं. आमच्या संसाराकडे बघता ते फारसं चुकीचं नव्हतं.

तेव्हापासून घरात हा शब्दच पडून गेला. कुणी काही विसरलं, बोलता बोलता अडखळलं, की म्हणायचं, "मधला फर्मा गेला वाटतं." आम्ही खूप हसायचो यावर. सासूबाईंची थोरली बहीण, अक्का, तिचा मधला फर्मा खरोखरच गेला आणि आम्ही हसायचं बंद केलं.

अक्का दोन गल्ल्या सोडून राहायच्या. बहिणी बहिणी पुस्तकं बदलून वाचायच्या आणि फोनवर नायिकेशी भांडायच्या. मग एका वर्षी अक्का एकच पुस्तक महिनोन्महिने धरून बसल्या. पुढे पुस्तक धरायचंच सोडलं. पुढे शब्द गेले, मग आमची नावं, आणि शेवटी घास गिळायचा कसा तेही त्या विसरल्या. चार वर्षांपूर्वी गेल्या. सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "पुस्तकापासून सुरुवात झाली बघ."

आता कळलं ना मी घड्याळ बघून पानं का मोजत होते ते.

खोटं कशाला सांगू, पहिली भीती मला माझ्यासाठीच वाटली. अक्कांच्या सुनेचे चार वर्षांत झालेले हाल मी बघितले होते. रात्रंदिवस पहारा, दाराला आतून कुलूप, आणि शेवटी शेवटी तिच्या तोंडाला आलेली ती रागही न उरलेली सपाट भाषा. मला हे जमणार नाही, मी तापट बाई आहे, हे मला ठाऊक होतं. सासूबाईंसाठीची भीती दुसऱ्या नंबरला आली. ती आली तेव्हा मात्र पहिलीपेक्षा मोठी निघाली.

दुसऱ्या दिवशी त्यांना गोड बोलून दुकानात नेलं. म्हटलं, नवीन मशीन आलंय, डोळे बघू. मनात म्हणत होते, नंबर वाढलेला असू दे, मोतीबिंदू असू दे, काहीही असू दे. त्यांनी सगळ्यात खालची बारीक ओळ घडाघडा वाचली. वर "हे तिसरं अक्षर फिकं छापलंय" असंही सांगितलं. डोळे ठणठणीत. डोळे चांगले निघाले म्हणून घाबरलेली चष्मेवाली जगात मी एकटीच असेन.

त्याच आठवड्यात त्यांनी दुसरा बार उडवला. "उद्यापासून छोटीला शाळेतून आणायला मी जाणार नाही."

छोटी म्हणजे आमची मुलगी, सात वर्षांची. दोन वर्षं तिला त्याच आणत होत्या.

"पाय दुखतात का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग काय झालं?"

"नाही म्हटलं ना एकदा. माझ्यावर सोडू नका तिला."

मी भडकले. दुकानातून तीन वाजता कोण सोडणार मला? वाट्टेल ते बोलले. म्हातारपणी नखरे सुचतात, हेही बोलले. एरवी माझ्या एका शब्दाला त्यांचे चार असतात. ते चार आले नाहीत, तेव्हा माझीच जीभ लुळी पडली.

शनिवारी छोटीला पेन्सिल हवी होती म्हणून मी सासूबाईंचा खण उघडला आणि मला ती वही सापडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, "शाळेचं फाटक. बाहेर पडून डावीकडे. पावाचं दुकान. रस्ता ओलांडणे. शिंप्याच्या पाटीपाशी उजवीकडे. आपलं घर निळं दार." दोन वर्षं रोज चाललेला रस्ता होता तो. शेवटी, खाली दोनदा रेघ मारून, "निळं." मी पलंगावर बसून पुढची पानं उलटली. रोजची तारीख, आणि तिच्याखाली, "आज वाचलं: म्हातारा कुत्रा विकायला नकार देतो. उद्या आठवतंय का बघणे." दुसऱ्या दिवशीच्या तारखेखाली, "आठवलं." मग पुन्हा एखादं वाक्य, पुन्हा "आठवलं." पानामागून पान. एकही चूक नव्हती.

मला हेच कळेना. सगळं आठवतंय, तर ही बाई एवढी घाबरली कशाला? आणि रोज असा पेपर द्यायचा म्हटल्यावर वाचायचं तरी कसं? शाळेत जी पुस्तकं आपण परीक्षेला म्हणून वाचली, ती पुन्हा कधी हौसेने उघडली नाहीत. सासूबाईंनी स्वतःसाठी रोजची परीक्षा लावली होती, आणि पुस्तक हातात धरून त्या नुसत्या निकालाची वाट बघत बसत होत्या.

वहीचं मी नवऱ्याला सांगितलं. तो आधी म्हणाला, "तू उगाच बाऊ करतेस." मग वही वाचली आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. आईला डॉक्टरकडे नेऊ या म्हणायचं धाडस त्याला होईना. वाघाच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की या घरात सगळे माझ्याकडे बघतात. मीच सांगितलं. त्या नको म्हणाल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी चपला घालून दारात उभ्या राहिल्या. "चल. काय ते होऊन जाऊ दे."

डॉक्टर तरुण होता. त्याने पाच शब्द सांगितले, सफरचंद, खुर्ची, नदी, चावी, लाल. घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाला, "आता ते पाच शब्द सांगा." सासूबाईंनी सांगितले. मग न विचारता उलटे सांगितले. मग म्हणाल्या, "तुमच्या टेबलावरच्या कॅलेंडरचं पान गेल्या महिन्याचं आहे." डॉक्टर हसला, कॅलेंडर बदललं आणि मला म्हणाला, "यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे. काळजीचं कारण नाही."

मी जिना उतरले ती हवेत. सासूबाईंचा चेहरा मात्र तसाच.

"त्यांनी सोपा पेपर काढला," त्या म्हणाल्या.

"अहो आई, आता काय लेखी घ्यायचं तुमच्याकडून?"

"तुला माहीत नाही. माझ्याकडे पुरावा आहे."

दवाखान्याच्या बाहेर एक सिमेंटचं बाक होतं. त्यावर त्या बसल्या. हात मांडीखाली दाबून धरले होते.

"तुझ्या नवऱ्याला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "चार महिन्यांपूर्वी वाचनालयातून एक कादंबरी आणली होती. जुनी, रेक्झिनचं कव्हर, पहिली पानं फाटलेली. एक बाई दर महिन्याला बंदरावर जाते, नवऱ्याची बोट आली का बघायला. रंगले होते गं मी. ती येते, तिथला हमाल तिची चेष्टा करतो, म्हणतो, बाई, तुम्ही आहात तोवर मला कॅलेंडर घ्यायला नको. मग तिला एक पत्र मिळतं. ती ते उघडायला घेते आणि प्रकरण संपतं. मी पुढच्या पानावर गेले. तर बाई बंदरावर येतेय. मला वाटलं, पुढचा महिना उजाडला. येतेच ना ती दर महिन्याला. दोन पानं वाचली, तीन वाचली. हमाल तेच बोलला. मी हसलेसुद्धा पुन्हा. आणि मग पत्र. तेच पत्र. तेव्हा कळलं, हे मी आत्ता, आत्ताच वाचलंय."

"मग?"

"पानाचा नंबर बघितला, तर पुन्हा एकशे अठ्ठावीस. आणि बाई बंदरावर आली ते पान एकशे तेरावं होतं, एवढं लक्षात होतं. माझ्याच हातांनी मागे गेले आणि मला पत्ता नाही. अक्काचं अगदी असंच. तेच पान, तेच हसणं. पुस्तक मिटलं आणि त्याच संध्याकाळी परत टाकून आले. छोटीचा हात धरून रस्ता ओलांडताना असं मागे गेले तर काय करू मी?"

मला रडू येत होतं आणि रडायला लागले तर त्या आणखी घाबरतील हे कळत होतं. अशा वेळी मी काहीतरी वेडंवाकडं बोलते. घरातल्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "म्हणजे अख्खा फर्मा मागे गेलात की हो."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मांडीखालचा उजवा हात काढला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागल्या. "सात फर्मे म्हणजे एकशे बारा," त्या पुटपुटल्या. "आठवा एकशे तेरापासून." आणि मग थांबून, "एकशे अठ्ठावीसपर्यंत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. एकतीस वर्षं जिने तपासलेल्या बाईच्या हातात फर्मा दोनदा लागलेलं पुस्तक येतं, आणि तिला वाटतं की आपलं डोकं दोनदा लागलंय. पण तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मन चिंती ते वैरी न चिंती. चार वर्षं त्या त्याच गोष्टीची वाट बघत होत्या, ती आली असं वाटल्यावर त्यांनी तिला ओळखपत्र विचारलं नाही.

मी उठलेच. "चला वाचनालयात."

त्या बसून राहिल्या. "आणि पुस्तक नीट निघालं तर?"

मी त्यांची पिशवी उचलली आणि चालायला लागले.

पुस्तक कुणीतरी वाचायला नेलं होतं. ग्रंथपालबाईंनी वहीत बोट फिरवून सांगितलं, नऊ दिवसांनी यायला हवं. ते नऊ दिवस मी शत्रूलाही देणार नाही. आधी निदान नुसती भीती होती, आता तिच्यात आशा घुसली आणि दोघी मिळून आम्हाला छळायला लागल्या. दुकानात मी एका गिऱ्हाइकाला डाव्या डोळ्याची काच उजवीकडे लावली. सासूबाई एका कामाला दोनदा हात लावायलाही घाबरायच्या. मीठ घातलं का, या प्रश्नाला त्यांनी उत्तर देणंच सोडलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मला बघायचंच नाही ते पुस्तक." सातव्या दिवशी म्हणाल्या, "आलं असेल का गं?" मी फोन केला. आलं नव्हतं. दहाव्या दिवशी आलं.

वाचनालयात दुपारची वेळ, आम्ही दोघी आणि पंखा. ग्रंथपालबाईंनी पुस्तक पुढे सरकवलं. सासूबाईंनी हात मागे घेतले.

"तू उघड."

बाहेरून कव्हर घातलेलं असलं की जिना दिसत नाही, पानंच उलटावी लागतात. एकशे पंचवीस. एकशे सव्वीस, एकशे सत्तावीस. मी डोळे मिटून पान उलटलं आणि उघडून बघितलं तर डावीकडे एकशे अठ्ठावीस आणि उजवीकडे एकशे तेरा. विश्वास बसेना म्हणून बोटाने धरून मागे गेले, पुढे आले. एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस, आणि पुन्हा एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस. त्याच्यापुढे थेट एकशे पंचेचाळीस. त्या पानाच्या वर कुणा वैतागलेल्या वाचकाने पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, "बाइंडरचा जाहीर निषेध!"

"आई!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. "आई, दोनदा आहे! पुस्तकातच दोनदा आहे! तुम्ही कुठे गेला नव्हतात!"

सासूबाईंनी पुस्तक घेतलं. मला वाटलं आता रडतील, हसतील, माझ्या पाठीत धपाटा घालतील. त्यांनी दोन्ही आठवे फर्मे चिमटीत धरून बघितले, मग पुस्तक उलटं करून शेवटचं पान काढलं. तिथे खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं आणि बाइंडिंगखान्याचं नाव होतं.

"नववा नाही," त्या म्हणाल्या. "नववा माझ्याकडे आहे."

मी पुन्हा घाबरले. म्हटलं, झालं, आता खरंच गेलं डोकं.

घरी आल्या आल्या त्यांनी पलंगाखालची जुन्या फर्म्यांची पत्र्याची पेटी ओढली. वरचे फर्मे बाजूला काढत काढत पार तळाशी गेल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पिवळा पडलेला एकच फर्मा. घडी अजून जशीच्या तशी. पहिल्या पानावर आकडा, एकशे एकोणतीस.

असं एखाद्या कादंबरीत असतं तर मी "काहीही हं" म्हणून ती मिटून ठेवली असती. पण हा फर्मा माझ्या मांडीवर होता.

"तीस वर्षं झाली," सासूबाई जमिनीवर बसूनच म्हणाल्या. "हेच पुस्तक होतं. मी टेबलाच्या कडेने चालत होते, आठव्याच्या ढिगापाशी आले, आणि नजर वरच्या पानावर गेली. बाई बंदरावर आली होती. वाचायला लागले चालता चालता. हमालाच्या बोलण्यावर हसले, आणि हात कुठे जातोय इकडे लक्ष नाही. एक आठवा उचलला होता, नववा म्हणून पुन्हा आठवाच उचलला. जिना बघायचं कामही त्या दिवशी माझ्याकडेच. मन बंदरावर, जिना कोण बघतोय! संध्याकाळी ढीग संपले तर आठवा एक कमी, नववा एक जास्त. तेव्हा पाचावर धारण बसली माझी. हजार पुस्तकांत एक चुकलेलं, आणि बाकीची शिवायला, कव्हर चढवायला पुढे गेलेली. मुकादमाला सांगितलं असतं तर त्याने मला कायमची घरी बसवली असती. एक जादा कागद होता, त्याची घडी घालून आठवा भरून काढला. आणि हा नववा पिशवीत घालून घरी आणला, कुणाला दिसू नये म्हणून."

"वाचला नाहीत?"

"कसा वाचू? बघितला की पुन्हा गुंडाळून ठेवायचे. वर्षभर मुकादमाने हाक मारली की वाटायचं, आलं पुस्तक परत. मग विसरले. विसरायचं ठरवलं." त्यांनी पेन्सिलीने लिहिल्यासारखं बोट फर्म्यावर फिरवलं. "कुणीतरी लिहिलंय ना निषेध? बरोबर आहे. निषेध मान्य."

आणि मग त्या हसायला लागल्या. मीही. हसता हसता आम्हा दोघींची रडण्याशी गाठ पडली आणि बराच वेळ काय चाललंय ते आम्हालाच कळेना. तीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारचा सगळा हिशेब, कमी आठवा, जास्त नववा, सगळं जिला धडाधड आठवतं, तिला मी डॉक्टरकडे नेलं होतं.

चहा झाला. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसल्या. मांडीवर वाचनालयाचं पुस्तक, त्यावर नववा फर्मा. पण उघडेनात. मला वाटलं, सवय मोडली असेल.

"एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "अक्का वाचन सुटायच्या आधी एकच पान वाचायची. मी गेले की मोठ्याने वाचून दाखवायची आणि एका जागी पोट धरून हसायची. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी म्हटलं, अक्का, हे झालंय वाचून, तू विसरतेस. तिचा चेहरा कसा झाला ते मी तुला सांगू शकत नाही. पुस्तक मिटलं तिने. पुन्हा कधी हातात घेतलं नाही. मी सगळ्यांना सांगत फिरले, आजाराने वाचन नेलं. आजाराने नाही. मी घाबरवलं तिला. या चार महिन्यांत कळलं मला, ते घाबरणं काय असतं."

मी चहाचे रिकामे कप उचलून बाजूला ठेवले.

"डॉक्टर काही लिहून देत नाही की माझं तसं होणार नाही. बहीण आहे ती माझी, रक्त एकच. झालं तसं, तर तू मला टोकायचं नाहीस. ती बाई कितीदा बंदरावर येते ते मोजायचं नाहीस. वाचू द्यायचं. शब्द दे."

"दिला," मी म्हणाले. तापट बाईचा शब्द आहे, निभेल का माहीत नाही. आतून मी तेव्हाही घाबरलेलीच होते, आजही आहे.

त्यांनी फर्मा बाजूला ठेवला आणि पुस्तक उघडलं.

"अहो, नववा वाचा ना आधी. तीस वर्षं थांबलाय तो."

"आठवा पुन्हा वाचून घेते. म्हणजे संदर्भ लागेल."

मी समोर बसून भाजी निवडायला घेतली. बघायचं नाही असं ठरवूनही बघितलंच. डोळे ओळीवरून लहान लहान उड्या मारत चालले होते. ओळ संपली की झटकन मागे. एक पान अर्ध्या मिनिटात गेलं, पुढच्याला दोन मिनिटं लागली. हमालाचं वाक्य आलं असावं, कारण त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. या वर्षातली तिसरी खेप. मी भाजी निवडत राहिले.